बाण आमच्या दाराकडे

"दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, कोण-कुठला ते मग विचारायचं."

माझ्या सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी या घरात नवी होते, आणि दारात पुढे कोण कोण येणार आहे याची त्यांनाही कल्पना नव्हती. त्यांचा आवाज बारीक होता, पण भिंतीत खिळा ठोकावा तसा शब्द आत बसायचा. तो खिळा अजून आहे. त्यावर मी आजवर बऱ्याच गोष्टी टांगल्या, पण या हंगामात त्यावर अख्खं घर टांगलं गेलं.

आधी माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सकाळी उठल्यापासून दुपारची प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. लिहीतही नाही. मौन धरून चिठ्ठ्या लिहिणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकीतून गप्पा मारणं. मान हलवायची मुभा मात्र मी स्वतःला दिली आहे, कारण दूधवाल्याला तेवढं लागतं. घरात याचा कुणाला त्रास नाही. उलट आमचे हे चारचौघांत सांगतात, की आमच्या संसाराचा पाया सकाळच्या वेळेत घातलेला आहे.

आमचं गाव समुद्रकाठचं. हंगामात लांबलांबून माणसं बघायला येतात. बघण्यासारखं काय आहे हे आम्हाला कधी नीट कळलं नाही, कारण आम्ही इथेच राहतो. एक दीपगृह आहे, त्याचा जिना कायम दुरुस्तीला. कड्यावर एक तोफ आहे, तिच्या तोंडात लोक रिकाम्या बाटल्या कोंबतात. शिंपल्यांचं एक संग्रहालय आहे, आणि त्याच्या बाहेर तेच शिंपले वाळूत पसरलेले असतात, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मत्स्यालयात आता एकच मोठा मासा उरलाय. तो काचेपलीकडून असा बघतो, की जणू तिकीट त्याने काढलंय आणि त्याची निराशा झाली आहे.

आणि बंदराच्या उतारावर, जुन्या कोठाराच्या मागच्या खोलीत, बोयाकाकांचं संग्रहालय.

खडक कुठे आहे ते होड्यांना कळावं म्हणून पाण्यावर पिंपं तरंगत ठेवतात, त्यांना बोया म्हणतात. काकांनी जन्मभर त्या बोयांची रंगरंगोटी आणि साखळ्यांची देखभाल केली, म्हणून ते बोयाकाका. निवृत्त झाल्यावर समुद्र जे किनाऱ्याला आणून टाकेल ते उचलून खोलीत लावायला त्यांनी सुरुवात केली. वल्हं, टोपी, चष्मा, एकेकटे बूट, होडीच्या नावाची फळी, हात नसलेली बाहुली. सगळं धुऊन-पुसून फळ्यांवर मांडलेलं. पण ते ह्याला 'माझा संग्रह' कधीच म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "हे कुणाकुणाचं आहे. ओळखून न्यायला येतील, तोवर सांभाळायचं."

आता ओळखायला कुणीतरी यायला तर हवं. खोली सरकारची. पर्यटन कार्यालयाने काकांना बजावलं होतं, की या हंगामात माणसं आली तर ठीक, नाहीतर खोली मोकळी करून तिथे फोटो काढायची जागा करणार आणि सामान भंगारात देणार. काकांनी हातापाया पडून एक पाटी मागून घेतली. 'संग्रहालय' आणि खाली बाण. आमच्या फाटकासमोर रस्ता वळतो, तिथल्या विजेच्या खांबावर ती लागली. त्या संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले. म्हणाले, "सूनबाई, पाटी लागली हो. आता येतील माणसं."

माणसं आली. आमच्याकडे. बाण उताराकडे असायला हवा होता, तो बसवणाऱ्याने आमच्या दाराकडे बसवला होता.

पहिलं जोडपं आलं तेव्हा मी जपाला बसले होते. दोघांच्या डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या. त्या बाईंनी दारातूनच विचारलं, "हेच ना संग्रहालय?"

मी मान हलवली. नाही.

"म्हणजे बंद आहे का?"

आता दार सताड उघडं, मी समोर बसलेली. बंद आहे असं कसं म्हणणार? खोटं बोलायचं नाही हाही नेमच आहे, आणि तो मौनातही लागू असतो. मी पुन्हा मान हलवली. नाही.

"बंद नाहीये म्हणतायत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ये आत. चपला बाहेर काढ."

तोवर मी पाणी आणायला उठले होते. पेला हातात पडल्यावर त्यांची खात्रीच झाली. "बघ, किती व्यवस्था ठेवलीय," बाई म्हणाल्या.

ते शिवणयंत्रापाशी थांबले. "हे अजून चालतं का हो?" मी हो म्हणून मान हलवली. आदल्याच दिवशी मी त्यावर उशांचे अभ्रे शिवले होते. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बाई हळव्या झाल्या. "त्या काळी बायका अशा अंधारात राबायच्या," म्हणाल्या. कुठल्या काळी? मी तासाभरापूर्वी तिथे भांडी घासली होती. मग ते बैठकीत आले. तिथे वेताच्या खुर्चीत आमचे हे छातीवर वर्तमानपत्र पसरून डोळे मिटून पडले होते.

"कपडे अगदी त्या वेळचे मिळवलेत," गृहस्थ वाकून बघत म्हणाले.

ह्यांनी एक डोळा उघडला. "कोण पाहिजे?"

गृहस्थ दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी माफी मागितली, पण ह्यांची नव्हे, माझी. मी काहीतरी चालू करून ठेवलं होतं आणि त्यांचा धक्का लागला, अशा सुरात.

दुपारी मौन सुटल्यावर मी ह्यांना आधी तेच सांगितलं. "अहो, तो बाण वळवून घ्या. काकांची माणसं आपल्याकडे येतायत."

हे तिरीमिरीत पर्यटन कार्यालयात गेले. तिथे कळलं, की पाटी त्यांची असली तरी खांब वीजवाल्यांचा आहे. वीजवाले म्हणाले, खांब आमचा, पण पाटीच्या बोल्टाला आम्ही हात लावत नाही, तो कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, मी नकाशाप्रमाणे बसवला, आणि नकाशात तुमचं घरच नाहीये, तिथे मोकळी जागा आहे. घर नाही हे ऐकून ह्यांना फार लागलं. घरपट्टी भरताना कुणी असं म्हणालं नव्हतं. शेवटी पुन्हा पर्यटन कार्यालयात आले, तर तिथल्या बाईंनी समजावलं, "दिशा बदलायची तर मंजुरी लागते. बाण ज्याच्याकडून काढायचा त्याची हरकत नाही आणि ज्याच्याकडे वळवायचा त्याचीही हरकत नाही, असं दोघांनी एकत्र येऊन सांगायचं. पण ते पुढच्या वर्षीच्या कामांत."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणि पाना घेतला आणि खांबाकडे निघाले. समोरच्या वहिनी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना यंत्रांतलं काही कळत नाही, त्यामुळे त्यांना सल्ला देताना संकोच होत नाही. "भावजी, डावीकडे पिळा. नाही हो, तुमचं डावं. आता जोर लावा." ह्यांनी जोर लावला. बोल्ट सुटला, बाण गर्रकन फिरला आणि गटाराकडे तोंड करून लोंबकळत राहिला. नेमकं त्याच वेळी दोन पर्यटक वळणावर आले, बाणाकडे बघितलं, गटाराकडे बघितलं आणि त्यांनी त्याचा फोटो काढला. मागोमाग नगरपालिकेचा पहारेकरी आला. सरकारी बाणाशी छेडछाड म्हणून ह्यांना भर रस्त्यात स्टुलावरून खाली उतरवलं. ज्या माणसाने जन्मात कधी चुकीच्या रांगेत पाय ठेवला नाही, त्याला तिथे उभं करून समज दिली. मी फाटकात होते, पण सकाळ होती. सांत्वनसुद्धा करता आलं नाही. फक्त स्टूल आत आणलं.

त्याच दिवशी कंत्राटदाराचा माणूस येऊन बाण परत बसवून गेला. आमच्याच दाराकडे, आणि दुहेरी नट लावून. आता वादळ आलं तर घर उडेल, पाटी राहील.

इथे मौन सोडायला काय झालं होतं, असं कुणी म्हणेल. वहिनी म्हणाल्याच. पण सोयीचा असता तर त्याला नेम कशाला म्हटलं असतं? दुपारनंतर मी आलेल्या प्रत्येकाला हात जोडून खरं सांगत होते. अडचण एवढीच, की दुपारनंतर कुणी येत नसे. संग्रहालयं माणसं सकाळीच उरकतात. दुपारनंतर समुद्र असतो.

म्हणून मी ते काम ह्यांच्यावर सोपवलं. नुसतं सांगायचं, इथे नाही, उताराने खाली जा. हे "सांगतो की" म्हणाले. पण झालं काय, हे स्वभावाने बोलके, आणि निवृत्त होईपर्यंत नोकरी विम्याची. जन्मभर ह्यांनी तोंड उघडलं की समोरचा घड्याळ बघून उठायचा. आता पहिल्यांदाच माणसं आपण होऊन येत होती आणि हात मागे बांधून ऐकत होती. हे खुर्चीची हकीकत सांगत. मग भिंतीला गेलेल्या तड्याची. मग आमच्या आंघोळीच्या बंबाची, ज्यात काहीही हकीकत नाही. आणि अगदी शेवटी, दारापर्यंत सोडताना, "खरं संग्रहालय खाली बंदरावर आहे बरं का," असं म्हणत. तोवर लोकांचे पाय दुखायला लागलेले असत. "आता आणखी एक नको," म्हणून ते सरळ वाळूकडे जात.

"अहो, आधी सांगा ना ते," मी दुपारी म्हणायची.

"अगं, आल्या आल्या हाकलल्यासारखं दिसतं. तूच पाणी देतेस ना?"

मी पेले विसळायला घेतले.

वहिनी रोज नवा सल्ला घेऊन येत. खुर्चीभोवती दोरी बांधा. भावजींच्या समोर छोटी पाटी ठेवा. एकदा मोबाइल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्याबद्दल लोकांनी लिहिलंय, वाचू का? वाईट नका वाटून घेऊ." असं म्हणून त्यांनी चवीने वाचलं. "लहानसं, घरगुती संग्रहालय. उजेड कमी. जुन्या काळचा गृहस्थ हुबेहूब, पण फार बोलतो. पडदे धुवायला हवेत. तिथली कर्मचारी बाई मख्ख. पाणी छान."

मख्ख. मी इतकी वर्षं मनःशांतीसाठी जी धडपड केली, ती बाहेरून अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. मी वहिनींना म्हटलं, "लोक आहेत, लिहिणारच." आणि त्या गेल्यावर घरातले सगळे पडदे काढून भिजत घातले. माणूस अहंकार सोडतो म्हणतो, पण पडद्यांपाशी अडतो.

त्या संध्याकाळी मी उतार उतरून काकांकडे गेले. ते झाडून घेत होते. खोली लख्ख होती, कारण ती मळवायला कुणी आलंच नव्हतं. "आज समुद्राला उधाण होतं ना," ते म्हणाले, "म्हणून नसतील आले." काल ऊन होतं म्हणून आले नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं, की माणसं आमच्याकडे अडकतात. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "असू दे. तुमच्याकडून येतील हळूहळू. हंगाम अजून थोडा आहे." माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आणि मग एके सकाळी साहेब आले. पर्यटन कार्यालयाचे, नव्याने बदलून आलेले. संग्रहालय तपासायला आले होते आणि आपल्याच कार्यालयाच्या बाणावर विश्वास ठेवून सरळ आमच्याकडे आले. घरात चार-दोन पर्यटक होते, हे बंबापर्यंत पोचले होते, वहिनी 'सहज' म्हणून आल्या होत्या. मी पाणी दिलं. साहेबांनी बॅग खुर्चीवर ठेवली आणि सगळीकडे फिरून समाधानाने मान डोलावली.

"उत्तम," ते ह्यांना म्हणाले. "कागदावर बंदराजवळची खोली आहे. तुम्ही इथे हलवलंत, चांगलं केलंत. गर्दी आहे, पाणी आहे, पडदे स्वच्छ आहेत. मग ती खोली कशाला अडवायची? आजच माणसं पाठवून सामान काढायला सांगतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गप्प झाले. ज्या माणसाला कुणी गप्प करू शकलं नव्हतं, तो नेमका त्या क्षणी गप्प झाला. आपण काय करून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होतं, पण शब्द फुटत नव्हता. माझा शब्द तर बांधलेला. जिभेच्या टोकावर सगळं वाक्य तयार होतं. तोंड उघडलं असतं तर देव रागावला नसता, हे मलाही कळतं. पण सवय अशी, की जीभ हलायच्या आधी हात हलला.

मी साहेबांची बॅग उचलली आणि घराबाहेर पडले.

"अहो बाई, माझी बॅग," साहेब मागून म्हणाले. मी थांबले नाही. मी उताराला लागले. मागे साहेब, त्यांच्या मागे पर्यटक, कारण त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांच्या मागे घरातल्या सपाता घालूनच हे, आणि सगळ्यांत शेवटी वहिनी, कारण काही घडत असताना घरी राहणं त्यांना जमत नाही. एक बाई कुजबुजलेली मला ऐकू आली, "तीच ती, मख्ख बाई. पण चालते भराभर."

खोलीच्या दारात मी बॅग खाली ठेवली आणि बाजूला झाले.

काका स्टुलावरून उठले. इतकी माणसं एकदम बघून त्यांना घाम फुटला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, परत काढलं. बोलायची सवयच राहिली नव्हती. शेवटी एवढंच म्हणाले, "बघा. ह्यातलं काही तुमचं आहे का."

असं कुठल्या संग्रहालयात कुणी विचारत नाही. सगळे जरा गोंधळले, मग खरंच बघायला लागले. हात मागे बांधून नव्हे, हरवलेलं शोधताना माणूस बघतो तसं. एक गृहस्थ बुटांपाशी बसले. साहेबांनी एक चष्मा उचलला, डोळ्यांना लावून पाहिला आणि अलगद जागेवर ठेवला. हे बाहुलीसमोर उभे होते, एक अक्षर न बोलता.

"हा टब माझा आहे," वहिनी म्हणाल्या.

निळा, प्लॅस्टिकचा, काठाला एका जागी वितळलेला. "गच्चीवरून उडाला होता, वादळात. हे बघा, गरम कढई टेकली होती इथे. मला वाटलं..." त्या माझ्याकडे बघून थांबल्या. तेव्हा मला कळलं, टब मीच ठेवून घेतला असं समजून त्या वर्षभर आमच्या दोरीवर कपडे वाळत घालायला येत नव्हत्या.

काकांनी टब खाली काढला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी वहिनींना दिला. "नीट आहे ना?" एवढंच विचारलं.

"आजवर किती वस्तू परत गेल्या?" साहेबांनी विचारलं.

"ही पहिलीच, साहेब."

"पण असं देत गेलात तर संग्रह कमी होणार. संग्रहालयातली वस्तू बाहेर जाणं नियमात बसत नाही."

"सगळं ज्याचं त्याला पोचलं," काका म्हणाले, "की खोलीला मीच कुलूप लावतो आणि किल्ली तुम्हाला आणून देतो."

साहेबांनी टबाच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग बॅग उचलून म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत थांबतो. पण इथे रोज कुणीतरी आलेलं दिसलं पाहिजे. एखादा दिवस जरी खोली ओस गेली, तर मला वर उत्तर देता येणार नाही."

"आणि बाण?" ह्यांनी विचारलं.

"बाण पुढच्या वर्षी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, रोज येईल का हो कुणी?"

मी मान हलवली. हो.

परत येताना चढावर हे धापा टाकत म्हणाले, "रोज म्हणजे किती हे माहितीय ना तुला? आणि नुसती मान हलवलीस. त्याला काही कुणी वचन म्हणत नाही." मी दुपारी उत्तर दिलं, "शब्द मागे घेता येतो. हललेली मान कशी मागे घेणार?"

तेव्हापासून सकाळी कुणी आलं की मी पाणी देते आणि पुढे चालू लागते. जप चालता चालता होतो, उतारावर जरा भराभर होतो, चढावर देवाला थांबावं लागतं. ह्यांनी दोन दिवस रुसवा धरला, मग खुर्चीची हकीकत फाटकापर्यंत संपेल इतकी आखूड केली. एका बूटवाल्याला त्याचा बूट मिळाला असं काका म्हणतात. दुसरा त्याने केव्हाच फेकून दिला होता, तरी घेऊन गेला.

आज मात्र पहाटेपासून वारा सुटलाय. किनाऱ्यावर लाल निशाण लावलंय आणि बस रिकाम्याच आल्या. ह्यांनी फाटकात उभं राहून वळणापर्यंत बघितलं आणि आत आले.

"आज काही कुणी येत नाही गं. एका दिवसाने काय होतंय? साहेब थोडेच बघायला येतायत."

समोरून वहिनीही म्हणाल्या, "मी आले असते ताई, पण कपडे भिजवलेत."

मी माळ आवरली. चपला घातल्या. त्या खोलीत माझं हरवलेलं काही असेल असं मला वाटत नाही, पण मी अजून स्वतःसाठी म्हणून नीट बघितलेलंच नाही. छत्री वाऱ्यात टिकली नसती, म्हणून ती ठेवून दिली. ह्यांनी पुढे होऊन फाटकाची कडी काढून दिली.

मी उताराला लागले.